चेहऱ्यावरील अनावश्यक केस व लेसर उपचार : वैद्यांची भूमिका

आम्लपित्त, मलावष्टंभ किंवा केस गळण्याची तक्रार सांगून होते, औषधाची चिठ्ठी हाती पडते आणि उठता उठता एखादी रुग्णा थांबून हलक्या आवाजात विचारते, "डॉक्टर, हनुवटीवरच्या केसांसाठी लेसर केलं तर चालेल का?" हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना येत असेल. पुष्कळदा तिची मुख्य तक्रार हीच असते. आधीच्या तक्रारी धीर गोळा करण्यासाठी सांगितलेल्या असतात. या प्रश्नाला आपल्याकडून सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. 'त्या नादी लागू नका, आपण लेप देऊ' हे एक आणि 'तो आमचा विषय नव्हे, पार्लरमध्ये विचारा' हे दुसरे. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. त्यांमुळे रुग्णेचे नुकसान कसे होते, हे मी माझ्या चुकीतून शिकलो.

काही वर्षांपूर्वी चोवीस वर्षांची एक तरुणी आईसमवेत माझ्याकडे आली. लग्न ठरले होते. हनुवटीवर व जबड्याच्या कडेने राठ, काळे केस होते. मी त्वचा पाहिली, प्रकृती पाहिली, उद्वर्तन आणि रक्तप्रसादनासाठी औषध दिले. रजःप्रवृत्तीविषयी एकच प्रश्न विचारला. 'सगळं वेळच्या वेळी आहे' असे उत्तर आईनेच दिले आणि मी ते तसेच लिहून घेतले. पुढे तिने अन्यत्र लेसरच्या सहा बैठका घेतल्या. केस कमी झाले, पण वर्षभरात बरेचसे परत आले. नंतर ती पतीसह अपत्यप्राप्तीसाठी आली, तेव्हा कळले की पाळी प्रथमपासूनच दोन-तीन महिन्यांनी येत होती. तिच्या हनुवटीवरील केस ही शरीराने दिलेली सूचना होती. ती सूचना मी त्वचेचा दोष समजून लेपाखाली झाकली होती, आणि लेसर करणाऱ्यांनी तिला जाळून टाकले होते. निदान दोघांनीही केले नव्हते.

प्रस्तुत लेखाचा हेतू लेसरचा प्रचार करणे हा नाही, त्याचा निषेध करणे हाही नाही. रुग्णा आपल्याकडे विश्वासाने विचारते, तेव्हा तिला योग्य सल्ला देण्यापुरते ज्ञान आपल्यापाशी असावे, एवढाच हेतू आहे.

ग्रंथोक्त विचार

केस व लोम यांना आपल्या शास्त्रात अस्थिधातूचे मल मानले आहे. गर्भाच्या पितृज भावांत केश, श्मश्रु, लोम, नख व अस्थी यांची गणना होते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अष्टनिंदित पुरुष सांगताना अतिलोमा व अलोमा या दोहोंचा समावेश केला आहे. अर्थात लोमांचे अतिप्रमाण ही बाब आचार्यांच्या दृष्टीतून सुटलेली नाही.

याहून महत्त्वाचा संदर्भ काश्यपसंहितेतील रेवतीकल्पाध्यायात येतो. तेथे पुष्पघ्नी जातहारिणीचे वर्णन करताना, जिचे पुष्प व्यर्थ जाते अशा स्त्रीचे गाल स्थूल व लोमश असतात, असे लक्षण दिले आहे. वंध्यत्व, स्थौल्य आणि मुखावरील लोम यांचा परस्परसंबंध एका सूत्रात बांधणारे हे निरीक्षण आहे. आधुनिक पीसीओएसशी त्याचे तंतोतंत ऐक्य सांगण्याचा मोह टाळावा, कारण तेथे पुष्पदर्शन यथाकाल होते असे म्हटले आहे आणि पीसीओएसमध्ये ते बहुधा अनियमित असते. तथापि गालावरील लोम दिसताच आर्तवाची विचारपूस करावी, हा बोध त्यातून निश्चित मिळतो.

सुश्रुताचार्यांनी द्विव्रणीय चिकित्सितात व्रणाच्या साठ उपक्रमांत रोमसंजनन आणि लोमापहरण हे दोन्ही उपक्रम सांगितले आहेत. लोमापहरणासाठी क्षुर, कर्तरी व संदंश ही साधने, तसेच शंखचूर्ण दोन भाग व हरताल एक भाग शुक्तात वाटून केलेला लेप तेथे दिला आहे. या योगाविषयी पुढे स्वतंत्र विचार केला आहे.

प्रथम निदान

लव आणि राठ केस यांतील भेद प्रथम पाहावा. संपूर्ण अंगावर सर्वत्र सूक्ष्म लोम वाढणे वेगळे; आणि ओठावर, हनुवटीवर, छातीवर, नाभीखाली अशा पुरुषी स्थानी राठ, काळे केस येणे वेगळे. पहिला प्रकार कुलज असू शकतो किंवा औषधजन्य. फेनिटॉइन, सायक्लोस्पोरिन व मिनॉक्सिडिल ही त्याची परिचित कारणे होत. डोक्याचे केस गळतात म्हणून मिनॉक्सिडिल घेणाऱ्या स्त्रियांची संख्या आज मोठी आहे. त्यांच्या कपाळावर व गालांवर लव वाढल्यास कारण तेथेच शोधावे.

दुसरा प्रकार पुरुषी संप्रेरकांच्या आधिक्याचा अथवा त्यांविषयीच्या अतिसंवेदनशीलतेचा निदर्शक असतो. त्याचे मोजमाप करण्यासाठी फेरीमन व गॅल्वे यांनी १९६१ मध्ये गुणांकन पद्धती मांडली. तिच्या सुधारित रूपात शरीराच्या नऊ स्थानांना शून्य ते चार गुण देतात. पूर्वी आठ व त्यावरील गुण विकृत मानीत. पीसीओएसविषयीच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत, वंशानुसार चार ते सहा गुणांपासूनच दखल घ्यावी, असे म्हटले आहे. मात्र रुग्णा थ्रेडिंग, वॅक्सिंग करून आलेली असेल तर दिसणारे गुण फसवे असतात. म्हणून 'केस किती आहेत' यापेक्षा 'किती दिवसांनी काढावे लागतात' हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो.

अशा स्त्रियांत ७० ते ८० टक्के प्रसंगी मुळाशी पीसीओएस आढळतो. काहींत पाळी व तपासण्या प्राकृत असूनही केस येतात. थोड्यांत अधिवृक्क ग्रंथीची जन्मजात विकृती, कुशिंग व्याधी अथवा क्वचित अर्बुद असते. यासाठी एकूण टेस्टोस्टेरॉन, डीएचईए-एस, सकाळचे १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, टीएसएच, प्रोलॅक्टिन, रक्तशर्करा व आवश्यकतेनुसार सोनोग्राफी या तपासण्या कराव्यात.

पुढील लक्षणे दिसल्यास लेपही देऊ नये व लेसरचा सल्लाही देऊ नये. विनाविलंब तज्ज्ञांकडे पाठवावे :

१) काही महिन्यांतच वेगाने वाढलेले केस.
२) आवाज घोगरा होणे, कपाळाच्या बाजूचे केस पुरुषासारखे विरळ होणे, भगशिश्निकेची वृद्धी.
३) रजोनिवृत्तीनंतर नव्याने सुरू झालेली राठ केसांची वाढ.
४) चेहरा गोल होणे, पोटावर रुंद जांभळे पट्टे, रक्तदाबवृद्धी व स्नायुदौर्बल्य.

अशा रुग्णेच्या चेहऱ्यावरील केस लेसरने काढले तर तिचे समाधान होते आणि व्याधी मात्र आत वाढत राहतो. एकदा केस गेले की पुढच्या चिकित्सकालाही ते लक्षण दिसत नाही. यातील खरा धोका हाच आहे.

प्रश्न विचारताना रुग्णेला क्षणभर एकटीला बोलता येईल अशी व्यवस्था ठेवावी. आई, सासू किंवा पती समोर असताना मिळालेले उत्तर पूर्ण मानू नये. स्त्री सहायिकेच्या उपस्थितीत पडद्याआड विचारपूस केली तर रुग्णा मोकळेपणाने बोलते.

लेसरचे कार्य

लेसर उपचाराचा पाया १९८३ मध्ये अँडरसन व पॅरिश या अमेरिकन संशोधकांनी मांडलेल्या निवडक प्रकाश-उष्णता सिद्धांतात आहे. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश केसातील कृष्णवर्णी मेलॅनिन शोषून घेते, त्याचे उष्णतेत रूपांतर होते आणि ती उष्णता केसाच्या मुळाशी व त्यालगतच्या मूलपेशींपर्यंत पोहोचून त्यांचा नाश करते. प्रकाशाचा झोत क्षणांशापुरताच असल्याने सभोवतालची त्वचा वाचते. आपल्या परिभाषेत सांगायचे तर हे एक प्रकारचे अग्निकर्म आहे, ज्यात शलाकेचे काम प्रकाश करतो आणि दहनाचे स्थान केसाचा काळा रंग ठरवतो. सुश्रुतोक्त पक्ष्मकोप चिकित्सेत अग्नीचा उपयोग सांगितला आहे, हे येथे स्मरते. तेथे जसे सम्यग्दग्ध साधायचे व अतिदग्ध टाळायचे, तसेच येथेही आहे.

यावरून तीन गोष्टी ओघानेच येतात.

पहिली, ज्या केसात काळा रंग नाही त्यावर लेसर चालत नाही. पांढऱ्या, पिकलेल्या केसांसाठी विद्युत्शलाकेने एकेक मूळ जाळण्याची पद्धत उपयुक्त ठरते. ही पद्धत १८७५ मध्ये चार्ल्स मिशेल या अमेरिकन नेत्रवैद्याने आत वळलेल्या पापण्यांच्या केसांसाठी प्रसिद्ध केली होती.

दुसरी, त्वचेतही मेलॅनिन असते. आपल्याकडील बहुतेक रुग्णांची त्वचा सावळी ते कृष्ण या वर्गात मोडते. तेथे त्वचाच प्रकाश शोषू लागली तर दाह, फोड, डाग व क्वचित व्रणचिन्हे उद्भवतात. ७५५ नॅनोमीटरचे अलेक्झांड्राइट लेसर मेलॅनिनवर तीव्रतेने कार्य करते, म्हणून ते गौर त्वचेस अधिक योग्य. ८०० ते ८१० नॅनोमीटरचे डायोड मध्यम होय. १०६४ नॅनोमीटरचे एनडी-याग खोल जाते व त्वचेच्या वरच्या थरातील मेलॅनिनमध्ये कमी शोषले जाते, म्हणून कृष्ण त्वचेस ते अधिक सुरक्षित. आयपीएल हे लेसर नव्हे. त्यात अनेक तरंगलांबींचा मिश्र प्रकाश असतो, आणि सावळ्या त्वचेवर अननुभवी हाताने वापरल्यास भाजण्याचा संभव अधिक.

तिसरी, केसांची वृद्धी चक्राकार असते. लेसरचा परिणाम मुख्यतः वाढीच्या अवस्थेतील केसांवर होतो, आणि एका वेळी सर्व केस त्या अवस्थेत नसतात. म्हणून चेहऱ्यासाठी चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा ते आठ बैठका सामान्यतः लागतात, आणि पुढेही अधूनमधून एखादी बैठक घ्यावी लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या यंत्रांना 'कायमची घट' असा शब्द मान्य केला आहे, 'कायमचे निर्मूलन' असा नव्हे. हा भेद रुग्णेला प्रारंभीच सांगावा. संप्रेरकांचे असंतुलन कायम राहिले तर लव असलेल्या स्थानीही नवे राठ केस उगवू शकतात. माझ्या त्या रुग्णेच्या बाबतीत हेच घडले.

आणखी एक बाब फारशी परिचित नाही. काही स्त्रियांत लेसरनंतर त्या जागी किंवा तिच्या कडेने केस उलट वाढतात. चेहरा व मान या स्थानी, दक्षिण आशियाई व पश्चिम आशियाई स्त्रियांत, पीसीओएस असताना आणि केस सूक्ष्म असताना हे अधिक दिसते. म्हणून गालावरील साध्या लवेसाठी लेसर करू नये, असा स्पष्ट सल्ला द्यावा. हनुवटी व जबड्यावरील राठ, काळे केस हाच लेसरचा योग्य विषय होय.

लेसरपूर्वी व नंतर

लेसरला केसाचे मूळ जागेवर लागते. म्हणून आधीचे सुमारे चार आठवडे थ्रेडिंग, वॅक्सिंग व चिमट्याने केस उपटणे बंद ठेवावे. मात्र वस्तऱ्याने किंवा कात्रीने कापण्यास हरकत नाही. वस्तऱ्याने केस राठ होतात व वाढतात, हा समज निराधार आहे. कापलेल्या केसाचे टोक बोथट असल्याने ते जाड भासते, इतकेच. ही गोष्ट रुग्णेला समजावून सांगितल्यास मधल्या काळातील तिचा संकोच पुष्कळ कमी होतो.

उन्हाने त्वचा नुकतीच रापली असेल तर उपचार पुढे ढकलावा. उपचाराचे वेळी डोळ्यांवर संरक्षक आवरण अनिवार्य आहे. नेत्रकोटराच्या कडेच्या आत, अर्थात भुवईखाली व पापणीवर लेसर करू नये. तीळ व गोंदण टाळावे. ओठावर वारंवार नागिणीसारखे फोड येणाऱ्या रुग्णेने ते डॉक्टरांना आधी सांगावे. गर्भावस्थेत हा उपचार सामान्यतः करीत नाहीत. शिवाय त्या काळात केसांची वाढ तात्पुरती असू शकते.

उपचारानंतर रोमकूपांभोवती किंचित शोथ व रक्तिमा काही तासांपासून एक-दोन दिवस राहतो. थंड पट्टी व उन्हापासून संरक्षण पुरेसे असते. पुढील एक ते तीन आठवड्यांत जळालेले केस बाहेर पडून गळतात. ती नवी वाढ नव्हे. मात्र फोड, तीव्र दाह किंवा त्वचा काळी-पांढरी पडल्यास रुग्णेला लेसर करणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडे तात्काळ परत पाठवावे. त्यावर लेपांचे प्रयोग करू नयेत.

आपल्या औषधांबाबत दक्षता

हा भाग सर्वस्वी आपल्या अखत्यारीतील आहे, आणि लेसर करणारे तज्ज्ञ याविषयी बहुधा विचारीत नाहीत.

बाकुची : श्वित्रासाठी अथवा अन्य कारणाने बाकुची पोटात वा बाहेरून चालू असल्यास ते रुग्णेने लेसरपूर्वी सांगितलेच पाहिजे. बाकुचीतील सोरालेन हे सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे कार्यान्वित होते, लेसरच्या प्रकाशामुळे नव्हे. परंतु त्यामुळे त्वचा उन्हात अधिक रापते व क्षोभित होते, आणि अशी त्वचा लेसर अधिक शोषून घेते. चेहऱ्यावरील बाकुचीप्रयोग थांबवून त्वचा पूर्ववत् झाल्यावरच लेसर करावे.

लेप व उद्वर्तने : हरिद्रा, मंजिष्ठा, मेंदी अशा रंजक द्रव्यांचा अंश त्वचेवर राहू नये. त्वचेवर रंगद्रव्य असेल तेथे प्रकाश शोषला जाण्याचा संभव असतो. मसूर, हरभरा व हळद यांच्या उटण्याने घर्षण करून लव काढण्याची प्रथा आहे. त्यात काही लव तुटते, पण राठ केस जात नाहीत. जोराच्या घर्षणाने मात्र रोमकूपशोथ व काळे डाग उद्भवतात. लेसरच्या काळात ते वर्ज्य करावे.

हरताल : सुश्रुतोक्त लोमशातन योग आजही कोठे कोठे चेहऱ्यासाठी सुचवला जातो, हे चिंताजनक आहे. तो योग ज्या व्रणाभोवती केस दाटल्यामुळे रोपण होत नाही, त्या व्रणाच्या संदर्भात सांगितला आहे, मुखसौंदर्यासाठी नव्हे. हरताल हे आर्सेनिकचे गंधकयुक्त संयुग असून औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मधील विषारी द्रव्यांत त्याचा समावेश आहे. दाहक्षत त्वचेतून त्याचे शोषण होऊ शकते. दर पंधरवड्याला, वर्षानुवर्षे, ओठांलगत असा लेप लावणे सर्वथा अयोग्य होय.

आभ्यंतर चिकित्सा : अग्निदीपन, मेदोहर व आर्तवप्रवर्तक चिकित्सा, व्यायाम, निद्रा व आहार यांनी पाळी व वजन सुधारते, आणि स्थूल रुग्णेत ५ ते १० टक्के वजन घटले तरी लाभ दिसतो. परंतु एकदा राठ झालेला केस केवळ पोटातील औषधाने पुन्हा लव होईल, असे आश्वासन देऊ नये. यष्टिमधूने स्त्रियांतील टेस्टोस्टेरॉन घटल्याचे एका लहान अभ्यासात, २००४ मध्ये, दिसले; मात्र दीर्घकाळ अधिक मात्रेत दिल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते, हे लक्षात ठेवावे. रुग्णा आधुनिक संप्रेरक-औषधे घेत असल्यास ती परस्पर बंद करू नयेत. त्यांचाही केसांवरील परिणाम दिसण्यास सहा महिने लागतात.

औषधालय मालकांसाठी

काउंटरवर येणारी स्त्री डॉक्टरांपेक्षा आपल्याला आधी विचारते. तिला पुढील चार गोष्टी अवश्य सांगाव्यात.

१) गोरेपणासाठी वापरली जाणारी स्टेरॉइडयुक्त मलमे चेहऱ्यावर लावल्याने केस वाढतात, त्वचा पातळ होते व मुरुम येतात. मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने १४ बाह्य स्टेरॉइडे अनुसूची 'एच' च्या कक्षेत आणली. अशी मलमे चिठ्ठीविना देऊ नयेत, आणि ग्राहक दीर्घकाळ वापरत असल्यास तिला वैद्यकीय सल्ला घेण्यास सांगावे.
२) 'मुळापासून कायमचे केस नाहीसे' करणारे चूर्ण वा तेल विक्रीस ठेवताना त्यातील घटक वाचावेत. घटक न लिहिलेले उत्पादन ठेवू नये.
३) केस काढण्याचे क्रीम प्रथम हाताच्या आतील बाजूस लावून पाहावे, आणि लेसरच्या काळात ते चेहऱ्यास लावण्यापूर्वी तज्ज्ञांना विचारावे.
४) वारंवार अशी उत्पादने नेणाऱ्या तरुणीला 'पाळी नियमित आहे का, एकदा तपासून घ्या' असे सौम्य शब्दांत सुचवावे. एवढ्या एका वाक्याने पुष्कळ साधते.

उपसंहार

रुग्णेला लेसरसाठी पाठवताना यंत्र पाहून पाठवू नये, चालवणारा पाहून पाठवावे. सावळ्या त्वचेचा अनुभव असलेला प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञ असावा, प्रथम लहान जागेवर चाचणी घ्यावी आणि बैठकांची संख्या व मर्यादा लेखी सांगाव्यात, हे निकष पुरेसे आहेत. सवलतीच्या जाहिरातीवरून स्थान निवडू नये.

चेहऱ्यावरील केस ही क्षुल्लक, नखऱ्याची तक्रार आहे, अशी भावना आपल्यापैकी काहींची असते. ज्या स्त्रीला सकाळी घरातील सर्व उठण्यापूर्वी आरशासमोर चिमटा घेऊन बसावे लागते, तिच्यासाठी ती क्षुल्लक नसते. तिने लेसर करून घेतले तर त्यात आपल्या शास्त्राचा पराभव नाही. तिचे केस गेले आणि व्याधी मात्र आपल्याला दिसलाच नाही, तर तो आपला पराभव होय.

ती माझी रुग्णा आता नियमित चिकित्सेत आहे. निदानानंतर पाळी सुधारली, वजन आटोक्यात आले आणि मग योग्य तज्ज्ञांकडून पुन्हा घेतलेल्या लेसरचा लाभ टिकला. मात्र मधली काही वर्षे गेली ती गेलीच. ती वाचवण्यासाठी मला पडद्याआड एक प्रश्न विचारावा लागला असता. त्या दिवसापासून अशा प्रत्येक रुग्णेच्या पत्रिकेत रजःप्रवृत्तीची नोंद मी स्वतः तिच्याकडूनच घेतो. वैद्यबंधु-भगिनींनीही हा नियम अंगीकारावा, ही विनंती.